इतिवृत्तातून वगळलेलं

ही माझ्या नोकरीतली चौथी समिती.
पहिलीला सँडविचमध्ये काकडी चालायची, दुसरीला चालत नसे.
तिसरी पडद्यावरच आली, पडद्यावरच गेली,
तिला चहासुद्धा विचारावा लागला नाही.
मी ऊना टिझर्ड, कुलसचिव कार्यालय, तेवीस वर्षं.
कोण काय म्हणालं ते लिहायचं,
कसं म्हणालं ते लिहायचं नाही.

धुक्यामुळे सेंट जॉन्सचं विमान उडालंच नाही,
म्हणून पाचही जण रात्रभर गाडीने आले.
वाटेत मूस आडवा आला म्हणे, घोड्याएवढा.
अध्यक्ष ड्रोव्हर अजून मान चोळत होते.
पुढ्यात तक्ता:
दर विद्यार्थ्यामागे खर्च, दर खर्चामागे नोकरी,
दर नोकरीमागे कर.
नर्सिंग हिरव्यात. भूगर्भशास्त्र पिवळ्यात.
तत्त्वज्ञान, बोलींचा संग्रह, रात्रीचे वर्ग
तांबड्यात.

प्राध्यापक हेडली बंगी तेरा मिनिटं बोलले,
विद्यापीठ म्हणजे काय, इथपासून.
खरं तर फार छान बोलले.
कुणीतरी पेनाचं टोपण उघडत होतं, लावत होतं.
मी लिहिलं: प्रा. बंगी यांनी भूमिका मांडली.

मग एल्फ्रीडा कीपिंग.
बूट दाराशी काढून लोकरीच्या मोज्यांवर आत आली,
कुणाच्या घरी यावं तशी.
"एकोणीस वर्षं मासे कापले मी," म्हणाली.
"ब्याण्णव साली कॉड बंद झाला.
सरकारनं पैसे दिले, वर म्हणालं, काहीतरी शिका.
कुणी वेल्डिंग शिकलं, बाकीचे केस कापायला.
गावात डोकी कमी, न्हावी जास्त.
मी संख्याशास्त्र घेतलं.
वर्ग मंगळवारी असायचा,
आणि मंगळवारी नवरा पत्ते कुटायला जायचा."

"नोकरी लागली त्यातून?" अध्यक्षांनी विचारलं.
"नाही."
त्यांनी रकान्यात एक छोटी फुली मारली.
"पण मासे कसे गेले ते कळलं.
शेवटशेवटपर्यंत जाळी भरून यायची हो.
माझ्या पट्ट्यावर कधी खाडा नाही.
उरलेसुरले मासे एकाच खोल जागी
दाटीवाटीनं गोळा झालेले,
आणि बोटी नेमक्या तिथंच जायच्या.
मोजणारे तुमच्यासारखेच होते,
हुशार, नीट भांग पाडलेले.
त्यांनी जाळं मोजलं.
समुद्र मोजायचा राहिला."

हीटर खटखटला. टोपण थांबलं.
"आभारी आहोत," अध्यक्ष म्हणाले,
"मात्र हे विषयाला धरून नसल्यामुळे..."
आणि माझ्याकडे पाहिलं.
मी बोटं उचलली. मग परत ठेवली:
एका माजी विद्यार्थिनीने वैयक्तिक अनुभव कथन केला.
सात शब्द. व्याकरण शुद्ध.

दाराशी वाकून बूट घालताना ती म्हणाली,
"तुझी आई माझ्या डाव्या हाताला उभी असायची.
तिला म्हटलं होतं, चल माझ्याबरोबर मंगळवारी.
म्हणाली, मला काय करायचंय ते शिकून."
नाडी ओली होती, गाठ बसत नव्हती.
मी बांधून दिली.

अहवाल वसंतात येईल, दोन खंडांत.
गेल्या वेळचा झेरॉक्सच्या खोलीत आहे,
तिथली खिडकी त्याच्याशिवाय उघडी राहत नाही.
इतिवृत्तात दुरुस्ती सुचवायची मुदत
शुक्रवार, दुपारी चार.
आज बुधवार.
बाहेर धुकं इतकं, की बंदर नुसतं ऐकू येतं.
सातव्या शब्दापुढे कर्सर
लुकलुकतोय.